डाव्या खुराची बातमी

शनिवार, ३

चार निवडी दिल्या. चारही बुडाल्या.

पहिल्या शर्यतीत 'सरळ रेघ'. आठ घोड्यांत सातवा. दुसरीत 'पहिली सही'. तो फाटकातून बाहेरच पडायला तयार नव्हता, आणि पडला तेव्हा बाकीचे वळणावर पोचले होते. चौथीत 'उडता पत्रा', याच्यापुढे मी 'डोळे मिटून लावा' असं लिहिलं होतं. ज्यांनी डोळे मिटून लावले, त्यांनी ते उघडल्यावर काय काय म्हटलं ते मी गेटपाशी उभा राहून ऐकलं. सहावीत 'साखरझोप'. नावाला जागला.

या निवडी छापतात त्या पत्रकावर माझं नाव नसतं हे एक बरं. चौकटीत नुसतं 'आमचा जाणकार' असतं. लोकांना वाटतं, जाणकार म्हणजे कोणी साठीचा, जाड भिंगांचा, घोड्यांत आयुष्य घालवलेला माणूस असणार. प्रत्यक्षात वय वर्षं एकवीस, रसायनशास्त्राचं दुसरं वर्ष अर्धवट, आणि या धंद्यात येऊन पाच आठवडे. कॉलेज सोडलं कारण सरांनी सगळ्या वर्गासमोर माझ्या जर्नलच्या मागच्या पानांवरच्या कविता वाचून दाखवल्या. मी जर्नल खिडकीतून फेकलं आणि त्याच्या मागून, म्हणजे दारातून, मीही बाहेर पडलो. तेव्हा फार भारी वाटलं होतं.

आज गेटवर एक छत्रीवाले गृहस्थ पत्रकाचे बारीक तुकडे करत म्हणाले, "हा जाणकार मला एकदा भेटू दे. पाठीवर खोगीर घालतो आणि पळवतो त्याला." मग माझ्याकडे वळून, "काय हो, तुम्हीपण याचंच वाचता?"

"वाचतो. मूर्ख आहे," मी म्हणालो.

"मूर्ख नाही हो. विकला गेलाय!"

विकला गेलो असतो तर नवी चप्पल तरी घेतली असती.

शर्यत संपल्यावर त्या मैदानाची जी अवस्था होते तिची मला शिसारी येते. फाटलेली तिकिटं, थुंकी, पायाखाली चिकटणारं सांडलेलं सरबत, आणि पाच मिनिटांपूर्वी एकमेकांच्या गळ्यात पडलेली आणि आता एकमेकांकडे न बघणारी माणसं. पत्रकाच्या संपादकांना मात्र काही वाटत नाही. छापखान्याच्या शेडमध्ये बनियनवर बसून म्हणाले, "चारही पडले? उत्तम. हरलेला माणूस पुढच्या वेळी पत्रक हमखास घेतो. जिंकलेला घरी जातो." या माणसाकडे मी नोकरी करतो.

सोमवार, ५

पहाटे सरावाला गेलो. माझं काम एवढंच की कठड्याशी उभं राहायचं, खांबापासून खांबापर्यंत प्रत्येक घोड्याला किती सेकंद लागले ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. संपादक याला 'अभ्यास' म्हणतात.

खरं सांगायचं तर मी कठड्याच्या त्याच टोकाला उभा राहतो, जिथून नालबंदकाकांची शेड दिसते. ती तिथे असते. काकांची मुलगी. काका घोड्याचा पाय मांडीवर घेऊन खूर तासतात, आणि ती लगाम धरून घोड्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत उभी असते. घोडा डोळे अर्धे मिटतो. मी असतो तर पूर्ण मिटले असते. तापलेला नाल खुरावर टेकवला की जळक्या केसांसारखा धूर निघतो. सगळे नाकाला रुमाल लावतात. मला तो वास आवडायला लागलाय. यावरून माझं काय झालंय ते समजावं.

सराव संपल्यावर ती चहाच्या टपरीवर आली.

"काय स्टॉपवॉच, शनिवारी चारही?"

"नशीब."

"नशिबाला कशाला मध्ये घेतोस? तू सगळं घोड्याच्या नाकाकडे बघून लिहितोस. पळतो तो पायांनी."

हसली आणि गेली. तिला माझे चारही निकाल पाठ होते. म्हणजे ती माझं पत्रक वाचते. प्रत्येक शब्द वाचत असणार.

आणि आजचं खरं महत्त्वाचं: 'तिन्हीसांज' नावाच्या घोडीने शेवटचा टप्पा असा काढला की मी घड्याळ हलवून पाहिलं, बंद तर पडलं नाही ना. पाच आठवड्यांत इतकी वेगवान वेळ मी लिहिलेली नाही. शनिवारी ती पळणार आहे. ही वही आता मी कोणाला दाखवणार नाही.

बुधवार, ७

चार निवडी. एक आली, तीही अशी की पहिला घोडा नंतर बाद झाला म्हणून. छत्रीवाले गृहस्थ म्हणाले, "आंधळ्याच्या हाताला दार लागलं."

संध्याकाळी ताईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि डब्यांच्या मागून पाकीट काढून हातात दिलं. पुन्हा प्रवेश घ्यायची फी. शेवटची तारीख वीस. "यांना सांगू नकोस," म्हणाली. भाऊजींना सांगण्यासारखं माझं काही असतं कुठे? ते मला 'आपले पाहुणे' म्हणतात, सव्वा वर्ष झालं तरी. ताई औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते, घरी आल्यावर तिच्या पायाचे घोटे सुजलेले असतात. मी म्हटलं, भरतो. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात घोडी आली, हे लिहून ठेवतो. दैनंदिनीत खोटं लिहायचं असेल तर मग पत्रकच पुरे.

हिशेब सोपा आहे. शनिवारी तिन्हीसांजवर सगळं लावायचं. फी सुटते, ताईचे दुप्पट करून देतो, आणि उरलेल्यातून काकांसमोर माणसासारखं उभं राहता येतं. कॉलेज सोडलेल्या आणि घोडे चुकवणाऱ्या मुलाला कोण मुलगी देणार?

गुरुवार, ८

तिला सांगितलं. सांगायला नको होतं, पण तिच्यासमोर मला काही पोटात ठेवता येत नाही. म्हटलं, "शनिवारी ताईने दिलेलं फीचं सगळं पाकीट तिन्हीसांजवर."

तिने कप खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं, मला टपरीच्या मागे नेलं. म्हणाली:

"लावू नकोस. सोमवारच्या त्या धावेत तिच्या डाव्या पुढच्या खुराला चीर पडलीय. वरपासून अर्ध्यापर्यंत. बाबांनी आडव्या पट्टीचा नाल बसवलाय."

"म्हणजे?"

"साधा नाल मागून उघडा असतो. हा मागून पट्टीने जोडलेला असतो, फाटलेला खूर धरून ठेवायला. बाबा म्हणाले तीन आठवडे विश्रांती. ट्रेनर म्हणाला, तू नाल बसव, डोकं मी चालवतो. शनिवारी सकाळी तो काढून हलका नाल लावणार आणि चिरेवर काळं पॉलिश फासणार. मालकाचं गिऱ्हाईक येतंय. घोडी पळताना बघून सौदा करणार."

"हे तर सरळ फसवणूक आहे!"

"हळू बोल. हे तू ऐकलेलं नाहीस. गेल्या वर्षी एका मोतद्दाराने बाहेर बातमी दिली, दुसऱ्या दिवशी त्याची ट्रंक फाटकाबाहेर होती. आमची खोली तबेल्याची आहे. बाबांची बावीस वर्षं आहेत इथे. तू फक्त पैसे लावू नकोस, बास."

तिने माझ्या मनगटाला धरलं होतं. हाताला खुराचा आणि लोखंडाचा वास. सबंध तबेल्याचं गुपित तिने जगात एकट्या मला सांगितलं! घर धोक्यात घालून सांगितलं. याला दुसरं नाव काय आहे? मी दिवसभर उजवं मनगट धुतलं नाही.

शुक्रवार, ९

तळपायाची आग अजून मस्तकातच आहे, तरी लिहितो.

सकाळी सरावाला तिन्हीसांज आलीच नाही. आला तो तिचा जॉकी. सशासारखा चेहरा, रेशमी शर्ट, बूट असे चकचकीत की त्यात त्याला स्वतःचे दात दिसावेत. शेडमध्ये गेला, ऐरणीवर बसला, आणि तिला काहीतरी सांगितलं. ती हसली. मला बघून हसते तसं नाही, तोंडावर हात घेऊन, पोट धरून. मग त्याने तिला टाळी दिली.

मी शेडपर्यंत गेलो. काका म्हणाले, "या विद्वान, काय म्हणतंय घड्याळ?" जॉकीने विचारलं, "हा कोण?" ती म्हणाली, "पत्रकवाल्यांकडे असतो." असतो! काल माझं मनगट धरणारी हीच.

तिथून सरळ छापखान्यात. संपादक निवडींची वाट बघत होते. मी त्यांच्यासमोर बसून लिहिलं:

'तिसऱ्या शर्यतीत सगळा बाजार तिन्हीसांजच्या मागे धावतो आहे. आमचा जाणकार धावत नाही. डाव्या पुढच्या खुराची चीर पॉलिशने दिसेनाशी होते, बुजत नाही. पैसे खिशात ठेवा.'

संपादकांनी तीनदा वाचलं. चष्मा काढला. इतक्या आठवड्यांत त्यांचे डोळे मी आज पहिल्यांदा पाहिले. "कुठून आणलंस?"

"अभ्यास," मी म्हटलं.

"चौकट मोठी करा रे!" ते आत ओरडले.

बाहेर आल्यावर परत आत जाऊन कागद मागून घ्यावा असं वाटलं. पण विचार केला तेव्हा माझी बाजू साफ आहे. उद्या शेकडो गरीब माणसं त्या घोडीवर दिवसाची मजुरी लावणार. त्यांची फसवणूक होत असताना मी गप्प बसायचं? कोणाच्या रेशमी शर्टासाठी? मी तिचं नाव घेतलेलं नाही, काकांचं घेतलेलं नाही. खुराला चीर आहे एवढंच लिहिलं. ती कोणालाही दिसू शकते.

शनिवार, १०

तिन्हीसांज पाचवी. शेवटच्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे होती, मग डावा पाय जपायला लागली. लांबूनसुद्धा कळत होतं, दगडावर अनवाणी चालताना माणूस चालतो तशी. जॉकीने चाबूक उचलला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. माझी निवड 'दुसरा मजला' पहिला.

गेटवर पत्रकं संपली. छत्रीवाले गृहस्थ अनोळखी माणसाला मिठी मारून सांगत होते, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, हा माणूस तपस्वी आहे!" संपादकांनी मला पहिल्यांदाच स्वतःच्या पैशाने चहा पाजला. "आता दर आठवड्याला तबेल्यातली एक बातमी. मथळा मी विचार करून ठेवलाय."

मी खूश व्हायला हवं होतं. लोक ज्या तोंडाने परवा शिव्या देत होते त्याच तोंडाने आज ओवाळत होते, आणि दोन्ही वेळा तोंडाला तोच वास. पाकीट खिशात तसंच आहे. तिने वाचवलं. तिला शोधलं, दिसली नाही.

रविवार, ११

ती टपरीवर आली नाही. शेड बंद. फाटकावरच्या वॉचमनला विचारलं.

"आत काय चाललंय माहीत आहे का? सौदा मोडला. गिऱ्हाइकाच्या हातात तुमचं पत्रक होतं. त्याने घोडीचा पाय उचलायला लावला, पॉलिश नखाने खरवडलं, आणि गाडीत बसून गेला. ट्रेनरने सगळ्यांना रांगेत उभं केलं. चीर फक्त तिघांनी पाहिली होती. ट्रेनर, घोडीचा मोतद्दार आणि नालबंद. उद्या सकाळपर्यंत ज्याने सांगितलं त्याने कबूल करायचं, नाहीतर मोतद्दार आणि नालबंद, दोघांचंही सामान बाहेर."

"पण खोटं तर ट्रेनरने केलं!"

वॉचमन माझ्याकडे असा बघत राहिला जसं मी त्याला पृथ्वी गोल आहे असं सांगितलं. "हो. मग?"

किळस येते. लंगडी घोडी पळवणारा रांगेसमोर उभा राहतो, आणि तिचा खूर सांधणारा रांगेत. उद्या मी स्वतः जाणार. सांगणार की जाणकार मी आहे आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दोघंही सुटतील. तिला कळेल की मी कोण आहे.

सोमवार, १२

गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

ट्रेनर अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मला वाटलं होतं दांडगा, मिशीवाला माणूस असेल. हा बारीक, मऊ आवाजाचा, संत्रं सोलत बसलेला. बाजूला घोडीची निगा राखणारा मोतद्दार, काका, आणि दोन घोड्यांचे लगाम धरून ती. तिने मला पाहिलं आणि मानेने 'नको' केलं. मला वाटलं, माझी काळजी.

"पत्रकातला जाणकार मीच," मी म्हटलं. "मला कोणी काही सांगितलं नाही. मी स्वतः पाहिलं."

"तू?" ट्रेनरने फोड तोंडात टाकली. "कॉलेजात आहेस का?"

"होतो."

"कुठून पाहिलंस?"

"कठड्यावरून. सरावाच्या वेळी. आडव्या पट्टीचा नाल."

"अरे वा. नजर आहे." तो मोतद्दाराकडे वळला. "या दोघांना आत ने आणि तिन्हीसांजला यांच्यात मिसळून परत आण." मग मला म्हणाला, "इथे तीन जनावरं उभी करतो. एकीला तो नाल परत बसवलाय, उरलेल्या दोघांना साधे. खूर आता सगळ्यांचेच काळे करून ठेवतो. सांग बघू कोणाला."

तिन्ही घोडे रांगेत, दोघांचे लगाम पुन्हा तिच्या हातात. एकाच रंगाचे, तपकिरी. देवाशपथ, त्या क्षणापर्यंत मी तिन्हीसांजला फक्त पळताना, जॉकीच्या रंगावरून ओळखत होतो. मी पुढे झालो. वाकलो. उकिडवा बसलो आणि एकेका खुराकडे समोरून टक लावून बघत राहिलो. बराच वेळ बघितलं. शेवटी मधल्याकडे बोट दाखवलं.

मोतद्दाराने तोंड फिरवलं. काका जमिनीकडे बघत होते.

ट्रेनर हसलासुद्धा नाही. "अरे, नालाची पट्टी खाली असते. ती बघायला पाय उचलायला लागतो," तो म्हणाला. "चालत्या घोड्याचा नाल कठड्यावरून पाहणारा माणूस, उभ्या घोड्याचा पाय उचलायचा असतो हे त्याला माहीत नाही. मग तुला सांगितलं कोणी?"

मी अजून उकिडवाच होतो. आणि तेवढ्यात ती म्हणाली, शांतपणे, लगाम न सोडता:

"मी सांगितलं. मोतद्दारकाकांचा काही संबंध नाही."

ट्रेनरने काकांकडे पाहिलं. "बावीस वर्षं," एवढंच म्हणाला. "रविवारपर्यंत खोली रिकामी करा. नवा माणूस येईपर्यंत राहिलेल्या घोड्यांचे नाल उरका."

मी परत येताना रडत होतो, पण एक गोष्ट मनातून जात नाही. तिने माझ्यासाठी सगळ्यांदेखत सांगितलं. लपवता आलं असतं. मुलगी असं उगाच बोलत नाही.

बुधवार, १४

निवडी द्यायच्या होत्या. यादी उघडलीसुद्धा नाही. प्रत्येक शर्यतीतला तिसरा घोडा लिहून दिला आणि उठलो.

चारपैकी तीन पहिले आले.

लोकांनी छापखान्यापर्यंत मिरवणूक आणली. संपादक म्हणतात आता चौकटीत फोटो टाकू, फक्त थोडी दाढी वाढव. छत्रीवाले गृहस्थ मला ओळखून (कोणीतरी सांगितलं असावं) पाया पडायला वाकले. मी बाजूला झालो आणि भिंतीशी जाऊन ओकलो. त्यांनी तेही समजून घेतलं. "जागरणं होतात हो यांना," असं कोणालातरी सांगत होते.

गुरुवार, १५

शेडमध्ये गेलो. काका एकटेच होते, तिन्हीसांजला बांधून. ती खोलीत भांडी बांधत होती, दारातून पाठ दिसत होती.

मी पाकीट पुढे केलं. "काका, हे घ्या. नवीन जागेला लागतील."

"हात मोकळे ठेव," ते म्हणाले. "धरायला माणूस नाहीय. पाय उचल तिचा. असा. गुडघ्याखाली हात सरकव आणि तिच्या अंगाला टेकून उभा राहा, ओढू नकोस. तिला वाटलं पाहिजे की तीच देतेय."

अर्धा तास मी त्या घोडीचा पाय धरून उभा होतो. इतकं गरम जनावर. तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर. काकांनी पट्टीचा नाल उचकटला, खूर घासला आणि अंगठ्याने दाखवलं.

"ही बघ. केसाएवढी दिसते ना? आतून सुरीएवढी आहे. आता पट्टी बघ, इथून इथपर्यंत. दिसली?"

"दिसली."

"झालं तर. एवढंच असतं."

रागाचा एक शब्द नाही. शिव्या घातल्या असत्या, पक्कड फेकून मारली असती, तर मी सुखाने घरी गेलो असतो. मी म्हटलं, "काका, चूक माझी आहे. तिची नाही."

त्यांनी खिळा ओठांतून काढला. "तिला मी विचारलं, का सांगितलंस? म्हणाली, त्याच्या बहिणीचे पैसे होते. दिवसभर उभी असते बिचारी." आणि खिळा ठोकला.

ताईचे. तिने ताईला पाहिलंसुद्धा नाही. मीच कधीतरी टपरीवर बडबडलो असेन, ताईचे पाय सुजतात वगैरे.

गेल्या गुरुवारचं पान आत्ता वाचलं. 'याला दुसरं नाव काय आहे?' असं लिहून ठेवलंय मी. माझ्याच अक्षरात. पान फाडणार होतो, पण तसंच ठेवतो.

शनिवार, १७

फी भरली. खिडकीतल्या बाईंनी पावती देताना विचारलं, "मध्ये कुठे होता?" मी म्हटलं, आजारी होतो.

पत्रकात आज माझ्या निवडी नव्हत्या. संपादकांनी स्वतः लिहून 'आमचा जाणकार' म्हणूनच छापल्या. चारही पडल्या म्हणे. लोक आता कोणाला शिव्या देत असतील याच्याशी माझा संबंध नाही, तरी कान तापलेच.

रविवार, १८

सकाळी टेम्पो आला. सामान फार नव्हतं. दोन ट्रंका, गादी, भांड्यांचं पोतं, अवजारांची पेटी. आणि ऐरण. ती उचलायला चार माणसं लागतात. मोतद्दार, वॉचमन, काका आणि मी. जॉकीसुद्धा आला होता, साध्या कपड्यांत, बायको आणि कडेवरच्या मुलीला घेऊन. ती पोर खोलीच्या दारात उभ्या काकांच्या मुलीकडे झेप घेत होती. 'आत्या' म्हणत होती. जॉकीने काकांना नमस्कार केला आणि म्हणाला, "दुसऱ्या तबेल्यात शब्द टाकलाय, बघू." काका म्हणाले, "आता तबेला नको. गेट-ग्रिलची कामं करीन. लोखंड तेच."

ऐरण चढवताना माझं बोट फळीत सापडलं. नख काळंनिळं झालं. कोणाला सांगितलं नाही.

ती शेवटी आली, कुलपाची किल्ली वॉचमनच्या हातात देऊन. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते तीन दिवस पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. जे तोंडात आलं ते बोललो.

"मी येतो तुमच्याबरोबर. सामान उतरवायला. जागा कुठे आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. जत्रेत चुकलेल्या मुलाला 'तुझी आई कुठे?' विचारताना माणूस बघतो तसं.

"कशाला?" ती म्हणाली. "तेही छापायचंय?"

आणि टेम्पोच्या मागच्या बाजूला, ऐरणीला टेकून बसली. वॉचमनने फाटक उघडलं.